पेटी उन्हात राहू देऊ नये

“आज माणसाचा हात आकाशाच्या छताला लागणार आहे!” डॉक्टर रंगनाथन दोन्ही हात वर करून म्हणाले, एक पाऊल पुढे आले, आणि फुग्याच्या दोरात पाय अडकून पालथे पडले.

आम्ही बाराजणांनी टाळ्या वाजवल्या. त्या वाक्याला वाजवल्या की पडण्याला, हे अजून ठरलेलं नाही. मला तर त्या नीट वाजवताही आल्या नाहीत, कारण माझ्या हातात वाळूची बादली होती. फुग्यात हायड्रोजन भरताना कुठे ठिणगी पडलीच, तर ती विझवायचं काम माझ्याकडे होतं. एवढा हायड्रोजन पेटला असता, तर बादलीचा उपयोग नंतर मला ओळखण्यापुरता झाला असता. पण नियमात बादली होती, म्हणून मी होतो.

साल अडुसष्ट, एप्रिल महिना, हैदराबादच्या बाहेरचं मोकळं मैदान, पहाटेचे साडेपाच. अमेरिकन लोक तेव्हा चंद्रावर जायच्या तयारीत होते. आम्ही उमरग्याच्या बाजूला जायच्या तयारीत होतो. फरक एवढाच, की आपण कुठे उतरणार हे त्यांना ठाऊक होतं.

आमचा फुगा सायीइतक्या पातळ प्लास्टिकचा. जमिनीवर असताना तो वाळत घातलेल्या धोतरासारखा केविलवाणा दिसायचा; वर लाखभर फुटांवर गेला की एखादं देऊळ कळसासकट आत मावेल एवढा फुगायचा. त्याच्या खाली छत्री, आणि छत्रीखाली पांढरी पेटी. पेटीत फोटोच्या काचांसारख्या जाड प्लेटा. ताऱ्यांकडून येणारे किरण त्या उंचीवर प्लेटांत घुसत आणि रेघा ओढून जात. सात-आठ तासांनी खालून रेडिओने इशारा दिला की दोर तुटायचा, छत्री उघडायची आणि पेटी खाली यायची.

“सन एकोणीसशे बारामध्ये एक ऑस्ट्रियन गृहस्थ स्वतः फुग्यात बसून हे किरण शोधायला वर गेले,” डॉक्टर नव्या माणसाला हटकून सांगायचे. “आपण पेटी पाठवतो. का? पेटी प्रवासभत्ता मागत नाही.”

पण पेटी कुणीतरी परत आणावी लागते. तिथे मी लागायचो. उन्हाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडे वाहतात आणि पेट्या महाराष्ट्रात पडतात, म्हणून संस्थेने ‘मराठी जाणणारा साहाय्यक’ अशी एक तात्पुरती जागा काढली होती, आणि मी, प्रभाकर नाईकनवरे, बी.एस्सी., दुसरा वर्ग, तीत बसलो होतो. बादली ही जादा जबाबदारी.

माझ्या कारकिर्दीतली सर्वांत अभिमानाची गोष्ट त्या पेटीवर चिकटवलेली होती. मराठी सूचनापत्र. डॉक्टरांनी मला इंग्रजीत चार साधी वाक्यं दिली होती आणि चारही वाक्यांना ‘कृपया’ होतं. माझे वडील तहसिलीत शिरस्तेदार. सरकार ‘कृपया’ म्हणतं, हे आमच्या घरात कुणाला पटलं नसतं. मी चारही ‘कृपया’ काढून टाकले. ‘विनाकारण हलवू नये’ यातलं ‘विनाकारण’ मला पुळचट वाटलं, तेही काढलं. एवढ्यावर मजकूर अजून सरकारी वाटेना, म्हणून पदरचं एक वाक्य घातलं. शेवटी झालं ते असं :

‘१. ही पेटी शास्त्रीय संशोधनाची असून ती उघडू नये. २. पेटी जागेवरून हलवू नये. हलविणारा इसम कायदेशीर कारवाईस पात्र राहील. ३. जवळच्या पोलीस ठाण्यास तात्काळ कळवावे. ४. पेटी उन्हात राहू देऊ नये.’

मी ते वडिलांना पाठवलं. त्यांचं उलटटपाली कार्ड आलं : ‘मजकूर उत्तम. दरारा आहे.’

आदल्या वर्षी आम्हांला पेटी सापडायला पाच दिवस लागले होते. कुणीतरी ती छपरावर ठेवली होती. कडक ऊन. प्लेटा धुतल्या तेव्हा त्या तव्यासारख्या काळ्या निघाल्या. डॉक्टर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. या खेपेस फुगा दिसेनासा झाल्यावर त्यांनी कपड्यांवरची माती झटकली आणि मला बाजूला घेतलं.

“नाईकनवरे, ऑक्टोबरात मी निवृत्त होतो. हा माझा शेवटचा फुगा. या प्लेटा नीट आल्या, तर मी तीस वर्षं काय करत होतो ते जगाला सांगता येईल. नाही आल्या, तर मी तसाच निवृत्त होईन.” त्यांनी माझ्या बादलीकडे पाहिलं. “आणि तुम्हीही.”

जीपमध्ये मागे भुश्श्यात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या भरलेला खोका घेऊन मी आणि ड्रायव्हर युसूफभाई निघालो. गाडी युसूफभाईंची. म्हणजे संस्थेची, पण ते सोडून तिला कुणी हात लावलेला मी पाहिला नाही. दुपारी पेटी खाली आल्याचा इशारा मिळाला, त्यानंतर तिचा पत्ता नाही. जहिराबादेत बर्फ पुन्हा भरला. रात्र उमरग्याच्या विश्रामगृहात काढली. सकाळी ठाण्यात गेलो, तर हवालदार आमचीच वाट पाहत होता.

“बोरवंडच्या पोलीस पाटलाचा सांगावा आलाय. पेटी सापडली. जाग्यावर पाहारा लावलाय. कुणी हलवली न्हाई.”

“हलवणार कशी?” मी म्हणालो. “सूचनेत लिहिलंय ना तसं!”

युसूफभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि गिअर टाकला.

बोरवंड उमरग्यापासून बारा मैल. वेशीजवळ शाळा भरली होती आणि शाळेवर आमची तांबडी-पांढरी छत्री ताणून बांधली होती. पोरं सावलीत बसून पाढे म्हणत होती. पोलीस पाटील शंकरप्पा बिराजदार रस्त्यावर उभेच होते. डोक्याला गुलाबी पटका, हातात काठी, आणि आवाजात माझ्या वडिलांना आवडला असता असा दरारा.

“छत्री जप्त केलीय,” ते म्हणाले. “पंचनामा झालाय. पेटी सुरवस्यांच्या बांधावर हाय, निंबाखाली. तुमचं कलम दोन म्या दवंडी देऊन गावाला ऐकवलं. कलम काय फर्मास लिवलंय हो! कुनी लिवलं?”

“वरून येतं ते,” मी विनयाने म्हणालो.

“तवाच म्हन्लं.”

शेतातून चालताना त्यांनी मला सुरवस्यांची माहिती दिली. भाऊ दोन. थोरला मारुती पाच वर्षांमागे वारला, त्याची बायको सोजरबाई. धाकटा दगडूआप्पा. दोघांच्या रानांमध्ये एक बांध, बांधावर एक कडुनिंब. निंब कुणाचा, यावरून उमरग्याच्या कोर्टात सात वर्षं दावा चालू. दोन वकील म्हातारे झाले होते, एक वारला होता. निंबाला मात्र नवी पालवी फुटली होती.

पेटी निंबाच्या बुंध्याशी होती. तिच्यावर दोन ओली गोणपाटं पसरलेली. आणि तिला पाठ लावून एक पन्नाशीचा, पिळदार मिशीचा माणूस ऐसपैस बसला होता. बांधापलीकडे, पार उन्हात, कमरेवर घागर घेऊन एक बाई उभी होती. तिच्याकडे बघायला मला वेळ नव्हता. मी गोणपाटाखाली हात घातला. पेटी गार लागली. सावलीचा गुण, असं मी मनाशी म्हणालो.

“उठा आप्पा,” पाटील म्हणाले. “हैदराबादचं सायब आल्यात.”

“सायब आल्यात ते दिसायलंय,” दगडूआप्पा जागचा हलला नाही. “पर पावती माझ्या नावानं झाल्याबिगर म्या उठत न्हाई.”

“कसली पावती?”

“ठाण्यातनं कळलंय आमाला. पेटी ज्याच्या रानात घावती, त्याचं नाव तुमी कागदावर लिवता. भारत सरकारचा शिक्का मारून.”

ते खरं होतं. माझ्या पिशवीत छापील पावती होती आणि तीत एक रकाना होता : ‘ज्यांच्या जमिनीत पेटी मिळाली त्यांचे नाव’. आभाराचं पत्र कुणाला पाठवायचं ते कळावं, एवढाच त्याचा हेतू. पाटलांनी तो रकाना वाचला आणि काठीवर दोन्ही हात ठेवले.

“सायब, इच्यार करून लिवा. सात वर्सांत जज्जाला जे जमलं न्हाई, ते तुमी पेनानं करायलाव.”

“पेटी निंबाखाली,” दगडूआप्पा म्हणाला. “निंब माझा. म्हंजे पेटी माझ्या रानात. सरळ हिशोब.”

“निंब तुमचा कवापासून झाला, भावजी?” बांधापलीकडून ती बाई प्रथमच बोलली. म्हणजे हीच सोजरबाई.

“वैनी, सायबांम्होरं तोंड घालू नगा.”

“सायबांचं ऱ्हाऊ द्या. निंबाचं सांगा.”

मी घड्याळ पाहिलं. दहा वाजून गेले होते. युसूफभाई जीपकडून चालत आले, वाकून माझ्या कानाशी म्हणाले, “साब, बर्फ पानी होरा. दोपहर तक टिकना मुश्किल.”

मी समेटाला लागलो. दोघांची नावं लिहू म्हणालो. दगडूआप्पा म्हणाला, “वैनीचं नाव खाली येत असंल तर लिवा.” सोजरबाई म्हणाली, “वयानं कोन मोठं हाय ते इच्यारा.” मग मी कुणाचंच नाव न लिहिता अक्षांश-रेखांश लिहायची युक्ती काढली. पाटलांनी तो आकडा मोठ्याने वाचून पाहिला, गर्दीने तो ऐकला, आणि दगडूआप्पाने विचारलं, “ह्यो सर्व्हे नंबर वैनीचा दिसतोय. हितं अंश कशापायी लिवलाय? वाटणी केली का काय?”

“काढा की मग पेटी,” गर्दीतून कुणी म्हणालं. “आप्पाला धरून बाजूला करा, सायब.”

“हात लावून बगा,” दगडूआप्पा म्हणाला. “कलम दोन हाय. हलविणारा इसम कारवाईस पात्र राहील. मला पाठ हाय ते.”

माझं वाक्य माझ्याच अंगावर येत होतं, पण तेव्हाही ते ऐकायला फार छान वाटलं.

तेवढ्यात सोजरबाई बांध ओलांडून आली, घागर वाकवून तिने थोडं पाणी ओतलं आणि कुणाकडे न पाहता परत उन्हात जाऊन उभी राहिली. निंबाला पाणी घालून हक्क दाखवते आहे, असं मला वाटलं. दगडूआप्पालाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने मिशी पिळली.

मी हताश होऊन वर पाहिलं. वर निंब. गच्च, हिरवागार, तुऱ्यांनी भरलेला. एक डहाळी मोडलेली नाही. आणि माझ्या डोक्यात, त्या नोकरीत प्रथमच, एक शास्त्रीय विचार आला. आमची छत्री उघडली की एखाद्या अंगणाएवढी होते. ती पेटी घेऊन या झाडातून खाली आली, आणि झाडाला कळलंही नाही?

मी गुडघ्यावर बसलो. पेटीच्या तळाला पुठ्ठ्याच्या घड्या असतात. आपटल्यावर त्या चेपाव्यात म्हणून. त्या चेपल्या होत्या. पण खालची जमीन सारवल्यासारखी सपाट होती.

“पाटील!” मी ताडकन उठून ओरडलो. “ही पेटी इथे पडलेलीच नाही!”

सगळे गप्प झाले. मला वाटलं, माझ्या बुद्धीने थक्क झाले. युसूफभाई तोवर जमिनीकडे पाहत चालू लागले होते. बांधापलीकडे सोजरबाईच्या नांगरटीतून एक रुंद पट्टा गेला होता, ढेकळं सपाट करत. साठ-सत्तर पावलांवर ते थांबले आणि हात हलवला. “यहाँ है साब! गड्ढा है! इधरीच गिरा!”

सगळे धावले. खड्डा वीतभर खोल होता. भोवतीची ढेकळं फुटून भुगा झाली होती. आजूबाजूला सावलीसाठी एक बोराटीसुद्धा नव्हती. कुठल्याही वकिलाला शंका घेता येणार नाही अशा ठिकाणी, सोजरबाईच्या रानाच्या मधोमध, आमची पेटी आकाशातून पडली होती. म्हणजे प्रश्न मिटला! मी खिशातून पेन काढलं.

“थांबा,” पाटील म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. “पेटी पडली हितं. घावली तितं. मग हलवली कुनी?”

त्यांनी खिशातून माझ्या सूचनापत्राची नक्कल काढली, हातभर लांब धरली, आणि गावाला ऐकू जाईल असं वाचलं : “पेटी जागेवरून हलवू नये. हलविणारा इसम कायदेशीर कारवाईस पात्र राहील.”

“पोत्यावर घालून वडल्याली दिसतीया,” दगडूआप्पा म्हणाला. त्याची नजर हळूहळू वहिनीकडे वळली. “आन् पोती कुनाची हायत, ते समद्या गावाला ठावं हाय. लिवा सायब, कारवाई लिवा.”

आता मी सोजरबाईकडे नीट पाहिलं. रापलेला चेहरा, कपाळ मोकळं, पदर घट्ट खोचलेला. घागर धरलेल्या हाताला कासऱ्याचे वळ उठलेले होते. ती घाबरली होती. काल दुपारपासून घाबरलेली होती, म्हणूनच पेटी आपल्या रानात पडली हे सांगायची सोय तिला राहिली नव्हती. रान आपलं म्हटलं की गुन्हाही आपलाच होणार. आणि गप्प बसावं, तर पावती दिराच्या नावाने होणार.

“आक्का, तुमी हलवली?” पाटलांनी विचारलं.

तिने घागर खाली ठेवली. “हलवली.”

“कलम दोन वाचलं न्हवतं?”

“वाचलं. चौथी शिकल्यालीय म्या.” तिने पुढे होऊन पाटलांच्या हातातला कागद घेतला. “आन् कलम चार बी वाचलं. तुमी दवंडीत दोनच सांगितलं. चार म्हंतं, पेटी उन्हात राहू देऊ नये. आता बगा.” तिने त्या उघड्याबोडक्या रानावरून हात फिरवला. “हितं ठिवली, तर चारचा गुन्हा. सावलीला न्हेली, तर दोनचा गुन्हा. एकट्या बाईनं दोनीपैकी कुठला तरी करायचाच की. म्या चटका बगितला. पेटी तापली हुती, हात ठिववंना. आत काय नाजूक असंल म्हनून सावलीला वडली. वरनं गोनपाटं भिजवून टाकली, कालधरनं पानी घालायलेय.” मग ती थेट माझ्याकडे पाहून म्हणाली, “ज्यानं ह्ये लिवलंय, त्याला एकदा हितं आनून उभा करा. तितं उन्हात. मग मला ठाण्यात न्या.”

सगळं रान माझ्याकडे पाहत होतं. कारण मी हैदराबादचा, आणि कागद हैदराबादचा. ‘वरून येतं ते’ हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. सकाळी एकदा वापरून झालेलं होतं, आणि चाललंही होतं. युसूफभाई खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून माझ्याकडे बघत होते. मला नोकरी हवी होती, दुपारच्या आत पेटी हवी होती, आणि पाटलांसमोर माझा दरारा हवा होता. त्यांतलं तिसरं सोडलं तर पहिली दोन मिळतील की तीनही जातील, हे काही कळत नव्हतं.

मी त्या खड्ड्यात जाऊन उभा राहिलो. ऊन टाळूत शिरलं.

“मी लिहिलंय,” मी म्हणालो. “डॉक्टरसाहेबांनी एवढंच सांगितलं होतं, की कृपया विनाकारण हलवू नका. ‘कृपया’ मी काढलं. ‘विनाकारण’ मी काढलं. ती कारवाई माझ्या पदरची आहे. तसा कुठला कायदा नाही.”

पाटील शांतपणे म्हणाले, “म्हंजे म्या काल दवंडी दिली, ती तुमच्या पदरची?”

“हो.”

“कायदाच न्हाई?”

“नाही.”

पहिल्यांदा युसूफभाई हसले, मग गर्दी हसली. शेवटी पाटीलही हसले. पण ते पटका सारखा करत, म्हणजे हसलो असं नोंदलं जाऊ नये अशा बेताने. एक म्हातारा म्हणाला, “उभं ऱ्हाऊ द्या सायबाला आजून घटकाभर. कलम चार कळू द्या.” सोजरबाई मात्र हसली नाही. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि म्हणाली, “या भाईर. भोवळ येईल.”

पावती मी तिथेच लिहिली. जमीनमालक : श्रीमती सोजरबाई मारुती सुरवसे. मग पेटीकडे गेलो, तर दगडूआप्पा पुन्हा तिला पाठ लावून बसलेला.

“आता काय, आप्पा?” पाटील म्हणाले.

“पडली वैनीच्या रानात, कबूल. पर वाचली कुनाच्या निंबाखाली? आमचं कायच न्हाई का त्यात?”

बर्फाचं पाणी आता जीपमधून ठिबकताना दिसत होतं. पावतीत ‘शेरा’ म्हणून एक शेवटचा रकाना होता. मी म्हणालो, “शेऱ्यात लिहितो. सावलीबद्दल श्री. दगडू सुरवसे यांचे आभार. चालेल?”

दगडूआप्पाने पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी कायद्याचा विचार केल्यासारखं तोंड केलं. “सावली म्हंजे झाड न्हवं. कोर्टात चालायचं न्हाई. पर कागद म्हनून झ्याक हाय.”

“वैनीला चालतंय का इच्यारा.”

सोजरबाईने बांधावरूनच उत्तर दिलं. “सावली घ्या, भावजी. सावली तुमचीच. निंबाचं तारखेला बगू.”

दगडूआप्पा उठला. एवढंच नाही, पेटीची एक बाजूही त्यानेच उचलली. युसूफभाईंनी गोणपाटांसकट ती बर्फात बसवली आणि जीप अशी हाणली, की जहिराबादेपर्यंत मी डोळे उघडले नाहीत.

पेटीत तपमानाची नोंद करणारं एक यंत्र असायचं. कागदी पट्टीवर शाईची रेघ. डॉक्टरांनी ती पट्टी टेबलावर पसरली आणि भिंग लावलं. रेघ आकाशात खाली गेली होती, जमिनीवर आल्यावर सरळ वर चढत होती, आणि तासाभराने अचानक वळून हळूहळू उतरली होती.

“बाहेर बेचाळीस अंश,” डॉक्टर म्हणाले. “आत चोवीस. हे कोणी केलं?”

“गोणपाटाने, सर,” मी म्हणालो, आणि सगळी हकिकत सांगितली. कलम दोनसकट. ती सांगताना नोकरी गेली असं मी धरून चाललो होतो.

डॉक्टरांनी भिंग बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “परदेशातून दोन वर्षं एक आवरण मागवतो आहे. अजून आलेलं नाही.” त्यांनी दोन्ही गोणपाटं वाळवून काचेच्या कपाटात ठेवली आणि वर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली : ‘उष्णतारोधक आवरण, नमुना क्रमांक एक व दोन.’

सूचनापत्र नवं करायचं ठरलं. चारही ‘कृपया’ परत आले. ‘सावलीत न्यावी, ओले गोणपाट टाकावे’ हे वाढलं. वडिलांना पाठवलं. कार्ड आलं : ‘मजकूर ठीक. दरारा गेला.’

प्लेटा धुवायला आणि तपासायला सप्टेंबर उजाडला. एके दुपारी डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. काचेत एक जाड, काळी, केसाळ रेघ होती. कुठलातरी तारा फुटून त्यातून निघालेला एक कण, लाखो वर्षं वाट चालून, त्या मंगळवारी आमच्या पेटीत शिरला होता. त्या जातीची रेघ डॉक्टर तीस वर्षं शोधत होते. त्यांचा निबंध ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रवाना झाला आणि तिसऱ्या आठवड्यात ते निवृत्त झाले. निरोप समारंभात ते उभे राहिले, आजूबाजूला दोर नाही ना ते पाहिलं, आणि फक्त “थँक यू” म्हणाले. मला कायम करण्यात आलं. बादली दुसऱ्याकडे गेली.

निबंधाच्या शेवटी आभार होते. विलायतेतल्या दोन प्राध्यापकांनंतर तिसरं नाव : श्रीमती सोजरबाई सुरवसे, बोरवंड. तो छापून आला तेव्हा मी रजा घेऊन बोरवंडला गेलो.

सोजरबाई रानातच होती. ज्वारी कापणीला आली होती. निंबाच्या बुंध्याला माझ्या पावतीची काच बसवलेली नक्कल टांगली होती, शेऱ्याचा रकाना बरोबर डोळ्यांसमोर येईल अशी. दगडूआप्पाची सावली. दावा चालूच होता. दीर-भावजय निंबाखाली एकाच फडक्यातली भाकरी खात बसली होती आणि पुढच्या तारखेला एकाच गाडीने उमरग्याला जायचं ठरवत होती.

मी ते मासिक उघडून तिचं नाव दाखवलं. अक्षर इंग्रजी, म्हणून तिने त्यावर नुसतं बोट फिरवलं. मग मी उभा राहून सांगू लागलो. सगळं सांगितलं. तारा कसा फुटला, तो कण कसा निघाला, पृथ्वीवर माणूस नव्हता तेव्हापासून कसा चालत होता. जगातल्या मोठमोठ्या विद्वानांनी आता त्याची रेघ पाहिली, आणि ती रेघ शाबूत राहिली ती केवळ बोरवंडच्या एका बाईने कलम चार वाचलं म्हणून. माणसाचा हात आकाशाच्या छताला लागला, तो हात तुमचा, असंही म्हणालो. हात वर केले होते बहुधा.

दगडूआप्पाने घास हातात तसाच धरला होता. सोजरबाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मासिक मिटलं, पदराने पुसलं, आणि माझ्या हातात परत दिलं.

“लई चांगलं झालं, सायब,” ती म्हणाली. “पर तेवडी माझी दोन गोनपाटं तुमच्या जीपीत गेल्यात. सुगी आलीया. परत धाडा.”